डबक्याची किंमत

(संस्थेच्या हिंजवडी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या शिक्षकाने परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे उच्च शिक्षण आणि नोकरीच्या वाटा यांविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज आपल्यापुढे एका डबक्याची बाजू मांडणार आहे. आपल्या शाळेच्या आवारात मागच्या बाजूला जो खोलगट कोपरा आहे, जिथे मृगाचा पाऊस पडला की गुडघाभर पाणी साचते, त्या कोपऱ्याविषयी मला बोलावयाचे आहे. राडारोडा टाकून तो भरावा, जमीन सपाट करावी आणि तिथे वाहने उभी करण्याची सोय करावी, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. सूचनेमागचा हेतू वाईट नाही. डास, चिखल आणि मुलांची सुरक्षितता यांची काळजी त्यामागे आहे. परंतु तो कोपरा भरण्यापूर्वी आपण नेमके काय गाडून टाकणार आहोत, हे एकदा समजून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

मराठीत 'डबक्यातला बेडूक' हे शब्द आपण तुच्छतेने वापरतो. ज्याची दृष्टी कोती, तो डबक्यातला बेडूक. पण ज्या शेतकऱ्याने ही भाषा घडविली, त्याच्या मनात बेडकाविषयी तुच्छता नव्हती. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असते. ते वाहन बेडूक निघाले की पाऊस चांगला होणार, असे आजही गावोगावी मानले जाते. हे भाकीत खरे-खोटे काहीही असो, पाऊस आणि बेडूक यांची जोडी त्या माणसाने डोळ्यांनी पाहिली होती, कानांनी ऐकली होती.

आपले हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले गाव. मुळशी म्हणजे भाताचा तालुका. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहू लागले. त्यापूर्वी हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यात शेते होती, बांध होते, ओढे होते, आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेली खाचरे होती. भाताचे खाचर म्हणजे बेडकांचे बाळंतघरच होय. उथळ पाणी, ऊन लागून कोमट झालेले, तळाशी मऊ चिखल, कडेला गवत आणि हंगाम संपला की कोरडी जमीन. बेडकाला यापेक्षा अधिक काही लागत नाही. खाचरे गेली, तेव्हा भाताबरोबर बेडकांची ही घरेही गेली. आज आपल्या भागात बेडकाला अंडी घालण्यासाठी जी जागा उरली आहे, ती अशा दुर्लक्षित कोपऱ्यांतच उरली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, त्या कोपऱ्यात काय घडते ते ऐका. पहिला जोराचा पाऊस झाला की मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात आणि गालांखालच्या निळ्या पिशव्या फुगवून माद्यांना साद घालतात. हा सोहळा फार थोडे दिवस चालतो. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि त्यांतून शेपटीची, कल्ल्यांनी श्वास घेणारी पिल्ले बाहेर पडतात. यांना आपण पुस्तकात भैकेर म्हणतो. साधारण महिना-दीड महिन्यात त्यांना पाय फुटतात, शेपटी जिरून जाते, फुप्फुसे काम करू लागतात आणि पाण्यातला जीव जमिनीवर येतो. माशासारख्या प्राण्याचा चार पायांचा प्राणी कसा होतो, हे डोळ्यांसमोर दाखविणारी प्रयोगशाळा कोणत्याही संस्थेला विकत घेता येणार नाही. आपल्याला ती फुकट मिळालेली आहे.

बेडूक एकाच प्रकारचा नसतो. झाडावर राहणारा एक बेडूक पाण्यावर ओणवलेल्या फांदीला फेसाचे घरटे करतो. पिल्ले त्यातून टपटप खाली पाण्यात पडतात. दुसरा एक बेडूक टाचेजवळच्या फावड्यासारख्या उंचवट्याने माती उकरून जमिनीत शिरतो आणि कोरडे महिने तिथेच काढतो. याच बिळकरी बेडकांपैकी एका जातीचे वर्णन पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातील डॉ. आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रथम केले आणि तिला 'पश्चिमा' असे नाव दिले. म्हणजे पायाखाली असलेला जीव शास्त्राला नव्याने कळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. आपल्या मुलांनी संशोधन करावे असे आपण म्हणतो. संशोधनाचे क्षेत्र दूर कुठे आहे असे समजू नका.

आता प्रश्न येतो तो असा की बेडूक राहिला काय आणि गेला काय, आपले काय बिघडते? पुष्कळ बिघडते. बेडूक शेतातले किडे खातो, आणि बेडकाला बगळा, ढोकरी, दिवड आणि धामण खातात. मधली कडी निखळली की साखळी तुटते. भारत एके काळी बेडकांच्या तंगड्या वर्षाला हजारो टन या प्रमाणात परदेशी पाठवीत असे. शेतीचे आणि निसर्गाचे नुकसान ध्यानात आल्यावर १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. दुसरे असे की बेडकाची कातडी पातळ आणि ओलसर असते. तो तिच्यातूनही श्वास घेतो. त्यामुळे पाण्यातले विष त्याला आपल्या आधी बाधते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या दर पाच जातींपैकी दोन जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. प्राण्यांच्या मोठ्या वर्गांपैकी इतकी वाईट अवस्था फार थोड्यांची आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी जितके मोठे, खोल आणि सुंदर, तितके जिवांना चांगले असे आपणांस वाटते. बेडकांच्या बाबतीत हे खरे नाही. बारमाही खोल पाण्यात मासे असतात आणि मासे अंडी व पिल्ले खाऊन टाकतात. जे तळे उन्हाळ्यात आटते, त्यात मासा तगत नाही, आणि म्हणूनच बेडूक तगतो. आटणे हा डबक्याचा दोष नव्हे, तो त्याचा गुण होय. काठाला उभ्या दगडी भिंती बांधल्या, कारंजे बसविले, रंगीत मासे आणि बदके सोडली की तळे फोटोत छान दिसते, पण चिमुकल्या बेडकाला त्या भिंतीवरून वर चढता येत नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आपण पाहतो. शेतकऱ्याला त्यांचा उपयोग आहे यात शंका नाही, परंतु त्यांच्या घसरड्या उभ्या बाजूंमुळे आत पडलेला प्राणी वर येऊ शकत नाही. एखादे गोणपाट किंवा दोरीची जाळी काठावरून आत सोडून ठेवली, तरी कितीतरी जीव वाचतील. सरकारी योजनांची नजरही मोठ्या पाण्यावर असते. २०२२ साली सुरू झालेल्या अमृत सरोवर योजनेत तळे किमान एक एकराचे असावे अशी अट आहे. योजना चांगलीच आहे. पण डबक्याला वाली कोण? त्याला वाली आपणच.

आता हिंजवडीच्या पाण्याकडे वळू. २०२५ च्या पावसाळ्यात येथील रस्त्यांना नद्यांचे रूप आले, हे आपण सर्वांनी पाहिले. मुळा नदीकडे जाणारे ओढे-नाले बांधकामांनी कुठे अरुंद झाले, कुठे वळविले गेले, कुठे बुजले, याची तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि सरकारी बैठकांतून उघड चर्चा झाली. पाण्याची जागा आपण घेतली, म्हणून पाण्याने आपली जागा घेतली. एका शाळेचा कोपरा राखल्याने आयटी पार्कचा पूर ओसरेल, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु अशा शंभर कोपऱ्यांवर माती पडते तेव्हाच पाणी रस्त्यावर येते, हा हिशेब शाळेतल्या मुलालाही समजतो. कायद्याचेही हेच सांगणे आहे. २०११ साली जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या तळ्यावरील अतिक्रमण हटविण्याचा आदेश दिला आणि सामाईक जमिनींवरील अशी अतिक्रमणे दूर करण्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात असे बजावले.

बिघडलेले तळे पुन्हा नांदते करता येते काय? येते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. मालगुजारी गेल्यावर तलावांची देखभाल सुटली. गाळ साचला, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले, पाण्यातल्या देशी वनस्पती नाहीशा झाल्या, मासे आणि पक्षी कमी झाले. तेव्हा भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी यांनी ढिवर समाजाच्या मासेमारांना हाताशी धरले; खरे म्हणजे त्यांनाच गुरू केले. कोणती वनस्पती कोणत्या खोलीत वाढते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांनी बेशरम उपटले, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पतींची लागण केली. पाण्यातला झाडोरा परत आला, त्यामागून मासे आले, आणि पक्षीही आले. तळे म्हणजे केवळ पाणी साठविण्याचा खड्डा नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गातील आंबोलीचे. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसात जी वीतभर खोलीची डबकी साचतात, त्यांत एक लहान भेक अंडी घालतो. जगात तो आंबोलीच्या परिसराबाहेर क्वचितच आढळतो. २००९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी महादेवाच्या देवळातील कुंडात माशाची एक नवी जात सापडली, आणि २०२१ साली राज्य सरकारने त्या स्थळाला जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. श्रद्धेने राखलेले पाणी कधी कधी एखाद्या जातीचे शेवटचे आश्रयस्थान ठरते, हे आपणही ध्यानी घ्यावे.

आपल्या समाजातील थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ज्या भरतपूरच्या पाणथळीसाठी त्यांनी आयुष्यभर कळकळ वाहिली, ती माणसानेच बांध घालून तयार केलेली होती. तिथून शिकण्याजोगा एक धडा आहे. १९८२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर म्हशींना चरण्यास बंदी झाली. पाखरांचे भले होईल असे सर्वांना वाटले. परंतु गवत इतके माजले की पाण्याचा उघडा भाग झाकला गेला, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाअंती म्हशी त्या पाण्याचे नुकसान करीत नव्हत्या, उलट ते मोकळे ठेवीत होत्या, असे निष्पन्न झाले. सारांश, तळे कुंपणात कोंडून विसरून जाण्याची वस्तू नाही. त्याला माणसाचा हात लागतो, मात्र तो जाणता असावा लागतो.

आणि एक नवल ऐका. इंग्लंडात नॉरफोक भागात शेतांखाली गाडलेली जुनी तळी अभ्यासकांनी पुन्हा उकरली. दीडशे वर्षांपर्यंत मातीखाली पडून राहिलेले पाणवनस्पतींचे बी पाणी आणि उजेड मिळताच रुजून आले. गाडलेले तळे लगेच मरत नाही, वाट पाहते. तथापि सिमेंटच्या राड्याखाली ते किती काळ वाट पाहील, याचा विचार आपण करावा.

आता दीनच्या दृष्टीने दोन शब्द. पाण्यापासून सर्व सजीव निर्माण केले, हे अल्लाहतआलाने कुरआन शरीफमध्ये सूरह अंबियात सांगितले आहे. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात अशी रिवायत आहे की एका वैद्याने बेडूक औषधात घालण्याविषयी विचारले असता पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बेडूक मारण्यास मनाई केली. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस तर आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या नावे कोणता सदका उत्तम असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, पाण्याचा, आणि त्यांनी विहीर खणली. आपल्या पूर्वजांनी हा वारसा जपला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहर खेळविली. पाणचक्कीच्या हौदासमोर आजही माणसे शांत बसतात. पाण्याची कदर करणारी माणसे आपल्यात होती. ती पुढेही असावीत.

वजूचे पाणी हा विचार करण्याजोगा विषय आहे. पैगंबर साहेब एक मुद्द, म्हणजे एका लिटरहूनही कमी पाण्यात वजू करीत, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. आपण नळ उघडा ठेवून करतो. एका मुलामागे तीन लिटर जरी धरले, तरी दोनशे मुलांच्या एका वेळच्या वजूत सहाशे लिटर पाणी गटारात जाते. हे पाणी साबणाविना असते. पावसाने खंड दिला की डबकी आटतात आणि पाय फुटण्याआधीच पिल्ले सुकून मरतात. नेमक्या अशा वेळी हे पाणी उपयोगी पडेल. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, म्हणून ते आधी एका लहान उघड्या टाकीत दिवस-दोन दिवस राहू द्यावे आणि मग तळ्यात सोडावे. खंड नसेल तेव्हा ते बागेला द्यावे.

पालकांच्या शंकांना टाळून चालणार नाही. पहिली शंका डासांची. डेंग्यूचा डास घराच्या आतबाहेरच्या लहान भांड्यांत वाढतो: कूलरमध्ये, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रीजच्या मागच्या तबकडीत, न झाकलेल्या पिंपात. जिवंत तळ्यात चतुरांची पिल्ले, पाणकिडे आणि मोठ्या बेडकांची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. तरीही आठवड्यातून एकदा गाळणीने पाणी तपासावे आणि अळ्या आढळल्यास त्या काढाव्यात. तळ्यात गप्पी मासे सोडण्याचा मोह मात्र टाळावा. ते बेडकांची अंडी-पिल्लेही खातात. गप्पी मासे पाण्याच्या बंद टाक्यांत ठीक आहेत. दुसरी शंका मुलांच्या सुरक्षिततेची. उथळ पाणीही लहान मुलास धोक्याचे असते, हे मान्य. म्हणून कमरेइतके कुंपण, कुलपाचे फाटक आणि शिक्षक सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम हवा. तिसरी शंका सापांची. बेडूक आले की दिवड-धामण येणार. ते बिनविषारी असतात. तथापि ओळख पटविण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. वाटेवरचे गवत कापलेले ठेवावे आणि साप दिसल्यास दूर राहून सर्पमित्रास बोलवावे.

आता काम कसे करावयाचे ते सांगतो. खर्च थोडा आहे, श्रम बऱ्यापैकी आहेत. कोपऱ्यातला कचरा आणि राडारोडा प्रथम उचलावा. खोली मध्यभागी दोन फुटांहून अधिक नको. काठाचा उतार इतका सावकाश असावा की पाच फूट आत गेल्यावर कुठे एक फूट पाणी लागावे. पाणी मुरून जात असेल तर मुळशीच्या शेतकऱ्याला विचारा; तो भातासाठी चिखलणी करतो तशीच चिखलणी तळाला करावी, म्हणजे पाणी धरून राहते. छपरावरचे पाणी तळ्यात आणावे. रस्त्यावरचे तेलकट पाणी येऊ देऊ नये. जास्तीचे पाणी ओढ्याकडे जाण्यास वाट ठेवावी. वनस्पती जवळच्याच पाण्यातून आणाव्यात, थोड्या आणाव्यात. जलपर्णीचे एक रोपही येऊ देऊ नये. काठाजवळ दगडांचा ढीग, पालापाचोळा आणि न कापलेल्या गवताचा एक पट्टा राखावा, कारण बेडकाचे बहुतेक आयुष्य जमिनीवर जाते. रात्रभर जळणारा दिवा तिथे नको, कीटकनाशक तर नकोच. आणि सर्वांत महत्त्वाचे, बाहेरून बेडूक पकडून आणू नयेत. पाणी असेल तर ते आपणहून येतात. पकडून आणल्याने रोग पसरतात. एका बुरशीजन्य रोगाने जगातील अनेक जातींचा बळी घेतला आहे. साफसफाई वैशाखात, तळे कोरडे असताना करावी, आणि एका वर्षी निम्मेच तळे साफ करावे, म्हणजे उरलेल्या भागातले बी आणि जीव शिल्लक राहतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम वहीचे आहे. पहिला पाऊस कधी झाला, पहिला आवाज कोणत्या रात्री आला, अंडी कधी दिसली, पाय कधी फुटले, पाणी किती बोटे उतरले, कोणता पक्षी आला, हे तारखेसह लिहा. अशी वही पाच वर्षे नेमाने चालली, तर हिंजवडीच्या पावसाविषयी आणि प्राण्यांविषयी दुसऱ्या कोणाकडे नसलेली माहिती आपल्या शाळेकडे असेल. ज्यांना विज्ञान म्हणजे पाठांतर वाटते, त्यांना ती वही खरे विज्ञान शिकवील.

पालकहो, गाड्या उभ्या करण्याची अडचण खरी आहे, आणि तिचा मार्ग व्यवस्थापन समितीने काढला पाहिजे. पुढच्या आवारात रांगा आखून आणि शाळेच्या वेळा थोड्या पुढेमागे करून ती बरीचशी सुटेल. परंतु एकदा भरलेला कोपरा पुन्हा उकरावयास कोणी येणार नाही. म्हणून माझी विनंती आहे की येत्या मृगापूर्वी संस्थेने तो कोपरा न भरण्याचा ठराव करावा, आणि त्यासाठी सुट्टीच्या एका दिवशी आपण सर्वांनी घमेली-फावडी घेऊन यावे. मुलांना आपण पुस्तके देतो, गणवेश देतो, फी भरतो. त्यांना पावसाच्या पहिल्या रात्रीचा तो आवाजही द्यावा.